गोदामावशींच्या खोलीतली कासवं

गोदामावशींच्या घरात आतल्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, चौकटीवर बिजागऱ्यांच्या खुणा होत्या, जमिनीवर दार घासून पडलेली अर्धगोल रेघही होती. पण दार त्यांनी उतरवून अंगणात मोरीवर आडवं टाकलं होतं आणि त्यावर बसून त्या भांडी घासत. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा मात्र ते जागेवर होतं, आणि त्याला बाहेरून कडी घातलेली असे. ती कडी कशाच्या भीतीने घातली होती आणि पुढे ते दार कशाच्या भीतीने काढलं, एवढंच मला लिहायचं आहे. मावशी गेल्याचं मागच्या महिन्यात कळलं. तेव्हापासून ती रिकामी चौकट डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि आमच्या मुलींच्या शाळेचा प्रत्येक कागद नागपूरचं तोंड पाहून खामगावला परत येई. मी अमरावतीहून एकटी आलेली मास्तरीण. मला कोणी खोली देईना. मावशींनी दिली, कारण त्यांच्याकडे राहायला कोणी तयार नव्हतं. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. पुढची खोली मला, मधलं स्वयंपाकघर त्यांचं, आणि मागे ती कडीची खोली. नवरा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, बॉयलरवर आगवाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. जिनाचा भोंगा वाजला की मावशी अजूनही चुलीवर तवा ठेवत.

उंच, हाडकुळ्या, पुढे किंचित झुकलेल्या. एक सवय पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आली. त्या ऊन-गार सगळं कोपराने पाहत. अंघोळीचं पाणी, दुधाचं भांडं, पुढे एकदा मला ताप आला तेव्हा माझं कपाळसुद्धा. मी हसले, तर म्हणाल्या, "तयहाताले काय समजते, मास्तरीनबाई? तो दिवसभर चुलीत राह्यते. कोपर कोरं असते." आणि दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे: "ऊब येगयी, धग येगयी." म्हणजे ऊब वेगळी, धग वेगळी. कशावरूनही म्हणत. एखाद्या बाईचं लेकीवरचं प्रेम पाहून म्हणत, आमच्या शाळेतल्या हेडबाईंच्या रागावर म्हणत. मला ते वाक्य तेव्हा नुसतं गमतीचं वाटे.

त्या खोलीविषयी मला गल्लीने सांगितलं. ती बाळंतिणीची खोली. मावशींची तीन मुलं तिथे जन्मली आणि तिथेच गेली. एकालाही बारसं पाहायला मिळालं नाही. आजार नाही, ताप नाही. निजलेलं लेकरू उठलंच नाही. सांगणाऱ्या बायका इथे आवाज उतरवत. लेकरं काळीनिळी पडली नव्हती, गाल लाल होते, ओठ लाल होते, आत्ता जागी होतील अशी. "कोनीतरी मुके घेऊन नेल्यावानी," भिकामाय सुईण म्हणाली. तिन्ही वेळा नाळ तिनेच कापली होती.

मावशींनी स्वतः मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. बाळंतपणात त्यांचं डोकं फार दुखे. डोळे जड होत. आणि मग खाटेच्या पायथ्याशी एक म्हातारी बाई उभी दिसे. पांढरं लुगडं, खांद्यावर काहीतरी ओलं, त्यातून पाणी ठिबकत असे. ती बोलत नसे. हात उचलून दाराकडे बोट दाखवी.

"इहिरीत जीव देल्ली कोनी असंन म्हनत सारे. माहं लेकरू मांगे. 'चाल बाहीर,' असं बोट करे. मी तिले लई शिव्या देल्ल्या, बाई. उठाची ताकत नव्हती, पन शिव्या देल्ल्या."

तांदळातला खडा त्यांनी काढून बाजूला ठेवला.

हे सगळं तसंच राहिलं असतं. पण त्या वर्षी त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या मुलीला, यमूला, दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि यमूला माहेर म्हणजे हेच घर. सासरकडून निरोप आला की माघात मोकळी होईल, कधी आणून सोडू? मावशींनी उत्तर दिलं नाही. घरात आडोशाची दुसरी जागा नव्हती. पुढच्या दोन्ही खोल्यांतून वारा आरपार जाई, आणि गल्लीच्या मते ओल्या बाळंतिणीला वारा म्हणजे मरण. नको म्हणावं तर यमूला जगात कोणी नाही. ये म्हणावं तर ती खोली.

नवरात्रात उस्मानभाई कल्हईवाले आले. ते अमडापूरच्या बाजारावरून येताना दर खेपेला मावशींची भांडी करून देत, आणि दोघांचं भांडण हा गल्लीचा तमाशा असे.

"उस्मानभाई, गेल्या टायमाची कल्हई तुमच्या बोलन्यावानी निघाली. वरून चकचक, आतून फिक्की."

"बाई, तुमची डाळच तशी खारट. कल्हई बिचारी काय करंन?"

त्या दिवशी मात्र त्यांनी बोलता बोलता एक डेगची पुढे केली. आत ओल्या मातीत कासवाची पिल्लं होती. रुपयाएवढी, पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. घाटाच्या उतारावर बैलगाडीच्या चाकोरीत सापडली होती. "चाकाखाली गेली असती. घरी नेली तं माही बायको म्हनते, एकतर हे राह्यतीन नाही तं मी."

मावशींनी एक पिल्लू उचलून कोपराला लावलं. त्याने मान आत घेतली, थोड्या वेळाने बाहेर काढली. मग त्यांनी डेगची घेतली, आत गेल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या खोलीची कडी काढली.

"त्याच खोलीत काऊन, मावशी?" मी विचारलं.

"हे जगले तं यमूले बोलावतो," त्या म्हणाल्या.

त्यांना माहीत असलेली लेकरं वाढवायची रीत एकच होती, बाळंतिणीच्या खोलीची. दार घट्ट, फटीत चिंध्या, कोपऱ्यात दिवा. गुरांना पाणी पाजायच्या लाकडाच्या जुन्या डोणीत माती भरून त्यांनी पिल्लं तिच्यात ठेवली, आणि शेजारी विटांवर कंदील. काही दिवसांत पिल्लांचे डोळे चिकटले. कातडी सुटायला लागली. पाला पुढे केला तरी तोंड उघडेनात. उस्मानभाईंनी पुढच्या फेरीला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, हे बरसातीतले जीव! धग देल्ली, पानी कोठी हाय?"

मग त्या कामाला लागल्या. डोणीच्या एका टोकाला त्यांनी एक पाझरणारं मडकं मातीत गळ्यापर्यंत पुरलं. त्यात पाणी घातलं की ती बाजू आपोआप ओलसर राही. दुसरं टोक कोरडं. उस्मानभाईंनी पत्र्याचं अर्धगोल झाकण करून दिलं, त्याखाली कंदील, म्हणजे ऊब एका कोपऱ्यात साचे. "ज्याले जसं लागंन तसं त्यानं जावं. मी कोन सांगनारी?" दारावर आणि डोणीवर त्या तरटाची पोती भिजवून टांगत. सकाळ-दुपार विहिरीवर जायचं, पोतं बुडवायचं, पिळायचं नाही, तसंच खांद्यावर टाकून आणायचं. विहिरीपासून खोलीपर्यंत अंगणात थेंबांची वाट पडे.

तरी पिल्लांच्या पाठी मऊच राहिल्या, दाबलं तर दबत. तेव्हा त्यांनी मला वर पाहायला लावलं. धाब्याला एक झरोका होता, तो नवऱ्याने पहिल्या बाळंतपणाआधी फरशी ठेवून बुजवला होता. मावशी स्वतः शिडी लावून वर चढल्या. फरशी सरकली आणि खोलीत उन्हाचा एक चौकोन पडला. त्या चौकोनात कितीतरी वर्षांची धूळ उभी राहिली, माणसाच्या उंचीची, आणि हळूहळू खाली बसली. मी दारात होते. मी एक पाऊल मागे आले, हे मला आठवतं.

पिल्लं त्या उन्हापाठोपाठ सरकू लागली. डोणीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दिवसभर. दुपारी गल्ली निजलेली असे, जिनाची घरघर थांबलेली असे. मी शाळेला सुटी असली की तिथे पुस्तक घेऊन बसे. ओल्या तरटाचा वास, थेंब पडल्याचा आवाज, नखं लाकडावर घासल्याचा बारीक आवाज. वाचता वाचता वाटे की खाटेच्या पायथ्याशी आणखी कोणी बसलं आहे आणि तेही पिल्लांकडेच पाहतं आहे. मान वर केली की रिकामी खाट. मावशींना मी हे बोलले नाही. पण एकदा त्याच म्हणाल्या, "तिकडं पाहू नोका. थे काही करत नाही आता."

मार्गशीर्षात थंडी पडली. रात्री कंदिलाची ऊब पुरेना, पिल्लं मातीत अंग चोरून निपचित पडू लागली. मावशींनी माळ्यावरून एक जुनं पोतं काढलं. त्यात दगडी कोळसा होता, बॉयलरमधून अर्धवट जळून निघालेला. नवरा जिनातून आणत असे. गल्लीत इतर घरी बाळंतिणीला गोवऱ्या नाहीतर बाभळीचे निखारे. त्यांचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून कोणी ना कोणी दार उघडीच. मावशींच्या शेगडीला धूर नव्हता आणि ती सकाळपर्यंत पुरे. भाग्यवान समजत गल्लीतल्या बाया त्यांना.

त्यांनी शेगडी पेटवून डोणीजवळ ठेवली, झरोक्यावर फरशी ओढली, दार लावलं.

सकाळी त्यांची हाक आली. ओरडल्या नव्हत्या. "मास्तरीनबाई, जरा या." मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. पिल्लं डोणीच्या दाराकडच्या कडेला एकावर एक चढलेली, माना ताणून बाहेर काढलेल्या, तोंडं उघडी. हलत नव्हती. मावशींनी डोणी एकटीने फरफटत अंगणात आणली. थंड हवेत पुष्कळ वेळाने एकाने पाय हलवला. मग दुसऱ्याने. एक मात्र तसंच राहिलं. मावशींनी ते तळहातावर घेतलं, नखाने त्याचं तोंड उघडून आत पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

आतून ते लालभडक होतं.

त्या ते पिल्लू घेऊन खाली बसल्या. गल्लीने सांगितलेले लेकरांचे ते लाल ओठ मला आठवले. माझं डोकं त्या खोलीत क्षणभर उभं राहूनच ठणकायला लागलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हाव. असंच दुखे." मग उठल्या, कोळशाचं पोतं पाठीवर घेतलं आणि गावाबाहेरच्या खदानीत रिकामं करून आल्या. त्या दिवशी त्यांनी तवा ठेवला नाही. भोंगा वाजला, तरी नाही.

राहिलेली पिल्लं जगली. थंडीत त्या विटा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून, कोपराला लावून पाहून डोणीत ठेवत. पौष संपता संपता त्यांनी यमूला बोलावलं.

यमू आली ती हसतच. सोळा-सतरा वर्षांची, बडबडी. कासवं पाहून म्हणाली, "मावशे, माह्या लेकराच्या आधीच तू पाळणा भरून ठेवला वं!" मावशी त्या दिवशी मोठ्याने हसल्या. त्यांचं हसू मी तेवढंच ऐकलं.

भांडण झालं ते भिकामायशी. ती आली, वर पाहिलं, झरोका उघडा. "गोदे, येडी झाली का? ओल्या बायंतिनीच्या डोक्शावर आभाय?"

"राहू दे आभाय."

"शेगडी कोठी?"

"शेगडी नाही. इटा हायेत."

"इटा! अवं, लेकरू वाऱ्यानं मरंन."

"माही वाऱ्यानं मेली का, भिके? तूच सांग. तू होती."

भिकामायच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, भीती दिसली, आणि मावशींविषयी माया. ती त्या घराचं भलंच चिंतत होती.

मुलगा झाला. चार दिवस सगळं नीट गेलं. खोलीत यमू, बाळ, विटांची ऊब, झरोक्यातून पडणारं ऊन, कोपऱ्यात डोणी. पाचवा दिवस पाचवीच्या पूजेचा. सटवी त्या दिवशी लेकराच्या कपाळी लिहिते म्हणतात, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांचं लक्ष त्या एका घरावर होतं. दुपारची वेळ होती. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होते. मावशी पोती भिजवायला विहिरीवर गेल्या. भिकामाय पूजेचं सामान घेऊन आली होती, तिने माझ्यासमोरून पदराखाली काहीतरी झाकून आत नेलं. मला पूजेचंच वाटलं.

ती शेगडी होती. शेजारच्या गल्लीतल्या एका आगवाल्याच्या घरून मागून आणलेले चांगले, बिनधुराचे निखारे. पाचवीला तरी लेकराला शेक मिळावा म्हणून. कोणाच्या तरी पोराकडून तिने झरोक्यावर फरशीही परत ओढवून घेतली होती. मग दार लावून ती अंगणात पाटा पुजायला बसली.

मावशींना विहिरीवरून यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. दोर तुटला होता. त्या अंगणात आल्या, खांद्यावर ओलं पोतं, आणि दाराकडे पाहून थबकल्या. त्यांना काय दिसलं हे मी नंतर विचारलं. म्हणाल्या, दिसलं काही नाही, ऐकू आलं नाही. डोणीत नखं घासल्याचा आवाज त्या घरात दिवसभर असे. तो थांबला होता.

त्यांनी दार ढकललं. मी मागोमाग धावले. आत उबदार, शांत काळोख होता. यमू डोळे अर्धवट मिटून पडली होती, गाल लाल. पिल्लं दाराच्या बाजूला माना ताणून. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, त्यांच्या पोत्यातून पाणी ठिबकत होतं, आणि हात उचलून दाराकडे बोट करून त्या म्हणत होत्या, "बाहीर ने. लेकरू बाहीर ने. बाहीर." यमूला म्हणत होत्या की मला, कळलं नाही. यमू त्यांच्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. बाळ मी उचललं, यमूला मावशींनी काखेत धरून बाहेर आणलं. अंगणात भिकामायने त्याला माझ्या हातातून घेतलं, उलटं धरलं, पाठ चोळली, त्याच्या तळव्यांवर थंड पाणी मारलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ते रडलं. भिकामाय त्याच्यापेक्षा मोठ्याने रडली.

संध्याकाळी यमू शुद्धीवर येऊन पडवीत बसली होती, लेकरू पदराखाली. बायका जमल्या होत्या. ती भीत भीत म्हणाली, "मावशे, मले एक बाई दिसली वं. म्हातारी. पायाजवय उभी होती. अंगातून पानी गये तिच्या. दाराकडं बोट दाखवे. मले वाटलं लेकरू मांगते. मी तिले लई शिव्या देल्ल्या."

बायका हसल्या. "अवं येडे, थे तुही मावशीच होती!" कोणी यमूच्या डोक्यावर टपली मारली. मीही हसत होते. मग मावशींकडे पाहिलं आणि माझं हसणं थांबलं.

त्या स्वतःच्या खांद्याकडे पाहत होत्या. ओलं पोतं अजून तिथेच होतं. त्यांनी ते हळूच काढलं, घडी घालून जमिनीवर ठेवलं, आणि त्यापासून सरकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उतरवलं.

पुढची वर्षं मी त्यांच्याच घरी होते. यमूचा मुलगा वाढला, रांगला, आईबरोबर तिच्या सासरी गेला. कासवं मोठी झाली, डोणी सोडून खोलीभर फिरू लागली. पाठीवरच्या चांदण्या पसरल्या. त्यांना आता ओल्या पोत्याची गरज नव्हती. मावशी मात्र दुपारी पोतं भिजवून आणतच राहिल्या. लुगडी पांढरी पडत गेली, केस पांढरे झाले, पाठ आणखी झुकली.

माझी बदली झाली त्या दिवशी निरोप घ्यायला मी आत गेले. भर दुपार, गल्ली निजलेली. मावशी आतल्या खोलीत होत्या. झरोक्यातलं ऊन रिकाम्या खाटेवर पडलं होतं. त्या पायथ्याशी उभ्या होत्या, खांद्यावरचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं, उजवा हात उचललेला, बोट चौकटीकडे. कासवं त्यांच्या पायांभोवती थांबली होती, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला.

"कोणाला सांगता, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाटेवरच्या उन्हाकडेच पाहत म्हणाल्या, "तिलेच. 'चाल बाहीर,' म्हून रोज सांगतो. ऐकतच नाही, बाई. शिव्या देते." एखाद्या हट्टी लेकीविषयी बोलावं तशा समजुतीने त्यांनी म्हटलं, "तरनी हाय अजून."

आणि हात तसाच धरून ठेवला.